जुन्या इंजिनाला नवा भाता

युनियनचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत मोटारीच्या इंजिनाचा इतिहास सांगायला उभे राहावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण अपुरे राहिले. यंत्रशास्त्राची पुस्तके आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आणि जे कळले नाही ते गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रींना विचारले. तरीही हा विषय आम्ही स्वतः मागून घेतला. का घेतला, ते आधी सांगतो.

१९९९ सालच्या उन्हाळ्यात एक ट्रक-ड्रायव्हर आमच्याकडे आला. येवल्याहून कांदा घेऊन तो वाशीला गेला होता आणि परतीला खताच्या गोण्या भरून येत होता. कसारा घाट चढताना इंजिन एकाएकी ढिले पडले, ऑइलच्या नळीतून धूर येऊ लागला आणि गाडी उभी राहिली. इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनचा माथा वितळलेला निघाला. मालकाने इंजिनाचा सगळा खर्च ड्रायव्हरच्या नावावर लिहिला आणि दोन महिन्यांचा पगार अडवून ठेवला. ड्रायव्हर एवढेच म्हणत होता, "भाऊ, मी गाडी ताणली नाही हो."

आम्ही मालकाच्या अड्ड्यावर गेलो. तेथे मालकाचा मिस्त्री बोलत होता आणि आम्ही ऐकत होतो. टर्बो, पंप, पिस्टन असे शब्द आमच्या कानांवरून जात होते. कायदा आम्हाला ठाऊक होता, पण इंजिन ठाऊक नव्हते. त्या दिवशी आम्ही खाली मान घालून परतलो. एक गोष्ट मात्र कानात राहिली होती. ते इंजिन जुने होते, कारखान्यातून बिनटर्बोचे आलेले, सहा सिलिंडर एका रांगेत असलेले. त्याला आदल्या वर्षी दुसऱ्या गाडीचा टर्बो आणून बसवला होता. जुन्या इंजिनाला असा भाता जोडला म्हणजे काय होते, हे कळल्याशिवाय त्या माणसाची बाजू मांडता येणार नव्हती. तेव्हापासून आम्ही वाचायला लागलो. जे वाचले त्याचा सारांश आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम इंजिन म्हणजे काय ते पाहू. लोहाराची भट्टी आपण सर्वांनी पाहिली आहे. कोळसा तोच असतो, पण भाता हलवला की आग लाल होते आणि थांबवला की मंदावते. म्हणजे कोळशाइतकाच हिशेब हवेचा असतो. मोटारीचे इंजिन ही अशीच एक भट्टी आहे. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. टाकीत पेट्रोल कितीही ओता, हवा पुरली नाही तर ते जळत नाही. नुसता काळा धूर होतो. साधे इंजिन ही हवा स्वतःच ओढून घेते. पिस्टन खाली उतरला की पोकळी होते आणि बाहेरची हवा आत शिरते. सिलिंडर जेवढा, तेवढाच त्याचा श्वास.

आपल्या रस्त्यांवरचे एक ओळखीचे इंजिन उदाहरणाला घेऊ. टाटांच्या '६९७' या इंजिनाचे नावच त्याचे माप सांगते. पहिला आकडा ६, म्हणजे सहा सिलिंडर. पुढचे ९७, म्हणजे सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर. गुणाकार केला की सहांचे मिळून सुमारे ५.७ लिटर येतात. मिनिटाला २४०० फेरे धरले, तर दर दोन फेऱ्यांना एक श्वास या हिशेबाने ते मिनिटाला जास्तीत जास्त ६८०० लिटर हवा घेऊ शकते. प्रत्यक्षात याहून कमीच मिळते, कारण हवेला जाळीतून, नळीतून आणि व्हॉल्व्हच्या फटीतून वाट काढावी लागते. शक्ती वाढवायची तर तीन मार्ग उरतात: सिलिंडर मोठा करणे, फेरे वाढवणे, किंवा तेवढ्याच जागेत हवा दाबून भरणे. या तिसऱ्या मार्गाचे साधन म्हणजे सुपरचार्जर. ते इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा दात्यांवर फिरते. हेच काम सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वाफाऱ्याने चाक फिरवून केले, तर त्या साधनाला टर्बो म्हणतात. दोन्ही भातेच. फरक एवढाच, की पहिला इंजिनाच्या हाताने हलतो आणि दुसरा त्याच्या उच्छ्वासाने.

आता एका रांगेत सहा सिलिंडरच का, हेही सांगितले पाहिजे. अशा इंजिनात सहाही पिस्टनांचे हिसके एकमेकांना फेडून टाकतात. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा ठिणगीचा क्रम गॅरेजमधल्या पोरालाही पाठ असतो. म्हणून हे इंजिन गुळगुळीत चालते. पण त्याची एक खोडही आहे. त्याचा क्रँक लांब असतो, आणि लांब दांडा पिळला जातो. शिवाय कार्ब्युरेटर मधोमध असला तर टोकाच्या सिलिंडरांना हवा-पेट्रोलाचे मिश्रण सारखे पोचत नाही. पंगतीत वाढपी मध्ये उभा राहिला की टोकाच्या पानावर कधी भात कमी पडतो, कधी वरण. त्यातलाच हा प्रकार. या दोन खोडी लक्षात ठेवा. पुढच्या इतिहासात त्यांची गाठ पडणार आहे.

भात्याचा इतिहास आम्ही वाचू लागलो तेव्हा आम्हाला पहिला आनंद झाला तो आमच्या येवल्याच्या अभिमानाचा. कारण या यंत्राचा उगम कापडधंद्यात निघाला! अमेरिकेत इंडियाना प्रांतात कॉनर्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या दोघा भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीसाठी ते नवे चाक बनवीत होते. एका पेटीत दोन पाकळ्या एकमेकींना लागून उलटसुलट फिरतील अशी त्याची रचना होती. पाण्यावर ते धड चालेना. कोरडेच फिरवून पाहिले तेव्हा त्यातून एवढी हवा सुटली, की जवळ उभ्या असलेल्या माणसाची टोपी उडाली, अशी कथा सांगतात. टोपीचे खरेखोटे राहू द्या; १८६० साली या भावांनी त्या यंत्राचे पेटंट घेतले, हे मात्र खरे. आधी ते ओतकामाच्या भट्ट्यांना वारा घालायला गेले. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

मोटारीच्या जनकांपैकी गॉटलीब डाइमलर यांना हवा दाबून भरण्याची कल्पना अगदी आरंभीच सुचली होती. १८८५ च्या त्यांच्या पेटंटात ती आहे. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी १९०२ साली पंख्याने हवा भरण्याचे पेटंट घेतले. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याहून पुढची गोष्ट मांडली. इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग धुराड्यातून फुकट जातो, तेव्हा त्या जाणाऱ्या धुरालाच भाता हलवायला लावावे, असा त्यांचा विचार होता. हाच पुढचा टर्बो. कल्पना सुचली १९०५ साली, पण ती धंद्यात उतरायला वीस वर्षे लागली, कारण एवढी उष्णता सोसणारी धातू आणि एवढे वेगाने फिरणारे बेअरिंग कोणापाशी नव्हते.

पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली आणि विरळ हवेत त्यांची इंजिने धापा टाकू लागली. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक नावाच्या डोंगरावर, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, विमानाचे इंजिन नेऊन त्याला टर्बो लावून पाहिला. जमिनीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन डोंगरावर २३० वर उतरले होते. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर आले. येथे भात्याने इंजिनाकडून जास्त काम घेतले नव्हते, उंचीने हिरावलेला त्याचा श्वास त्याला परत दिला होता. हा भेद महत्त्वाचा आहे. गमावलेले परत देणे निराळे, आणि मुळात नव्हते ते मागणे निराळे.

युद्धानंतर भाता मोटारीत आला. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडिजने भात्याच्या गाड्या मांडल्या. त्या चार सिलिंडरांच्या होत्या आणि त्यामागे गॉटलीब यांचे चिरंजीव पॉल डाइमलर होते. १९२४ साली फर्डिनांड पोर्शे यांच्या हाताखाली सहा सिलिंडरांच्या आल्या. त्यांतल्या मोठीचे नाव होते २४/१००/१४०. पहिला आकडा सरकारी करासाठी धरलेल्या अश्वशक्तीचा, दुसरा भात्याविना मिळणाऱ्या शक्तीचा, तिसरा भात्यासह. आम्हाला हे नाव फार प्रामाणिक वाटते. गाडीची स्वतःची कमाई किती आणि उसनी किती, हे तिच्या पाटीवरच लिहिलेले! या गाड्यांत भाता सदैव फिरत नसे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई आणि किंचाळत हवा भरू लागे. आणि हा पुरवठा थोड्या वेळापुरता वापरायचा असे. ज्यांनी तो केला त्यांनाच त्याची मर्यादा माहीत होती.

१९३० सालच्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत या विचाराची कसोटी लागली. एका बाजूला काराचिओला यांची भात्याची सहा सिलिंडरी मर्सिडिज होती. दुसऱ्या बाजूला इंग्रजांच्या बेंटली गाड्या होत्या, आणि त्यांतही दोन मते होती. बर्किन या शर्यतवीराने चार सिलिंडरच्या बेंटलीला भाता बसवला होता. खुद्द बेंटली साहेबांना ते पसंत नव्हते. शक्ती हवी तर मोठे इंजिन करावे, असे त्यांचे मत होते, आणि त्याप्रमाणे साडेसहा लिटरचे, सहा सिलिंडरांचे, बिनभात्याचे 'स्पीड सिक्स' त्यांनी केले होते. शर्यतीत बर्किन यांच्या बाजूच्या दोन्ही भात्याच्या बेंटली बाद झाल्या. मर्सिडिजही थांबली, तिचा दोष विजेच्या बाजूचा होता, तो भात्यावर घालणे अन्याय होईल. जिंकली ती बार्नाटो आणि किडस्टन यांची बिनभात्याची स्पीड सिक्स. १९२९ सालीही तीच जातकुळी जिंकली होती. चोवीस तासांच्या कामाला मोठी छाती उपयोगी पडली.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ: जुन्या, साध्या, सहा सिलिंडरांच्या इंजिनाला बाहेरून भाता जोडणे. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या कैसर मोटारीचे आहे. ही कंपनी १९४६ पासून आपल्या गाड्यांत कॉन्टिनेंटल घराण्याचे २२६ घन इंचांचे, म्हणजे ३.७ लिटरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन घालीत असे. १९५० नंतर बाकीच्या कंपन्या आठ सिलिंडरांची नवी इंजिने काढू लागल्या. कैसरकडे नव्या इंजिनाला पैसा नव्हता. तेव्हा १९५४ साली त्यांनी जुन्याच इंजिनाला मॅककलक यांचा सुपरचार्जर जोडला. हे मॅककलक साखळीच्या करवतींचे कारखानदार. पुढे १९६८ साली त्यांनी लंडनचा जुना पूल विकत घेऊन तो अमेरिकेच्या वाळवंटात उभारला! असल्या हौशी माणसाने केलेला तो भाता खरोखर चांगला होता. तो चौरस इंचाला सुमारे ५ पौंड जास्त दाब देई. निरनिराळ्या गाड्यांना जोडण्यासाठी त्याचे सुटे संचही विकले जात.

पण हिशेब पाहा. हवेचा साधा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. त्यावर ५ पौंड, म्हणजे तिसरा हिस्सा वाढला. शक्ती मात्र ११८ वरून १४० वर गेली, म्हणजे पाचवा हिस्साही वाढली नाही. उरलेले कोठे गेले? त्यातले काही भाता फिरवण्यातच खर्च झाले, कारण तो पट्ट्यावर चालतो आणि पट्टा इंजिनच ओढते. काही उष्णतेत गेले. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, हे प्रत्येकाने हाताने अनुभवले आहे. दाबलेली हवा तापते, तापलेली हवा फुगते, आणि दाबण्याचा निम्माशिम्मा लाभ गळून जातो. १९५५ साली कैसरच्या मोटारी अमेरिकेत बंद झाल्या. त्यांची साधने अर्जेंटिनात गेली आणि तेथे तीच गाडी १९५८ पासून पुन्हा निघू लागली, पण भात्याविना! ते साधे इंजिन जीपच्या मोठ्या गाड्यांतही चालत राहिले. म्हणजे भाता गेला आणि जुने इंजिन मागे उरले.

असे का होते, ते मिस्त्रींच्या भाषेत सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात हवा आधीच दाबून भरली की मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधीच आपोआप भडकू शकतो. त्याला नॉकिंग म्हणतात. हा ठोका पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. तो टाळायचा तर पिस्टनचा दाब-गुणोत्तर उतरवावा लागतो आणि ठिणगी उशिरा द्यावी लागते. कार्ब्युरेटरवर दाब आला की पेट्रोलच्या पंपालाही तेवढाच जास्त दाब द्यावा लागतो. नाहीतर ऐन जोराच्या वेळी पेट्रोल अपुरे पडते आणि कोरड्या ज्वाळेने पिस्टन जळतो. हेड गॅस्केट आणि त्याचे बोल्ट वाढीव दाबाला पुरे पडावे लागतात. रेडिएटरला जास्त उष्णता काढून टाकावी लागते. आणि सर्वांत खाली, जेथे कोणाचे लक्ष जात नाही तेथे, बेअरिंग आणि ऑइल असते. अमेरिकेच्या शेव्हरोले कंपनीच्या गाजलेल्या सहा सिलिंडरी इंजिनात १९५३ पर्यंत कनेक्टिंग रॉडला ओतीव मऊ धातूचे बेअरिंग असे, आणि त्याला ऑइल पंपाच्या दाबाने न मिळता पळीने उडवल्यासारखे मिळत असे. साध्या चालीला ते पुरेसे होते. पण अशा इंजिनाच्या डोक्यावर भाता ठेवणे म्हणजे उपाशी हमालाच्या डोक्यावर दुसरे पोते ठेवणे. मघाशी सांगितलेल्या दोन खोडीही येथेच उपटतात. लांब क्रँक जास्त पिळला जातो, आणि ज्या सिलिंडरच्या वाट्याला पेट्रोल कमी येते तो आधी जळतो.

डिझेलचा इतिहास याहून आशादायक आहे. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते आणि इंधन मागून येते, म्हणून पेट्रोलसारखा ठोका त्याला भिववीत नाही. त्याला हवा जितकी मिळेल तितकी हवीच असते. ब्यूखी यांच्या देखरेखीखाली १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी बोटींच्या इंजिनांना टर्बो बसवले, तेव्हा प्रत्येक इंजिनाची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या झाउरर कंपनीने टर्बोचे ट्रक-इंजिन काढले. ही कंपनी कोण? भरतकामाची यंत्रे आणि माग बनवणारी! येवल्याने पुन्हा एकदा मान ताठ करावी.

अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीने १९५२ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत सहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाला टर्बो लावून गाडी उतरवली. ट्रकचे इंजिन म्हणून लोक हसले असतील. पण निवडफेरीत तिने ताशी १३८ मैलांचा सरासरी वेग काढून पहिली जागा पटकावली. मुख्य शर्यतीत मात्र ७१ व्या फेरीला ती थांबली. टायरच्या घासलेल्या रबराची भुकटी टर्बोच्या तोंडाशी साचली आणि त्याचा श्वास कोंडला. एवढे मोठे यंत्र मूठभर भुकटीने हरले. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर साफ ठेवा, असे मिस्त्री कळकळीने का सांगतात, ते यावरून समजावे.

आता घराकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेली पहिली एसटी बेडफर्ड कंपनीची होती. बेडफर्डची त्या काळातली पेट्रोल इंजिने सहा सिलिंडर एका रांगेत असलेलीच होती. १९५४ साली जमशेदपूरला टाटांनी जर्मनांच्या सहकार्याने ट्रक बनवायला आरंभ केला. त्यातले ४.६ लिटरचे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन नव्वद ते शंभर अश्वशक्तीचे होते. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, तो करार संपला. इंजिन वाढत '६९२' झाले, मग '६९७' झाले. तिकडे १९६२ साली पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स उभी राहिली. कमिन्सच्या सहा सिलिंडरी घराण्याच्या नावांत सगळा इतिहास आहे. एनएच म्हणजे साधे, एनएचएस म्हणजे सुपरचार्जरचे, एनटी म्हणजे टर्बोचे, आणि एनटीए म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करून घेणारे. चौदा लिटरच्या एकाच मापाच्या इंजिनाने बिनटर्बो २५०, टर्बोसह ३३५ ते ३५० आणि थंड हवेसह ४०० अश्वशक्ती दिली. मधला 'एस' लवकर मागे पडला आणि 'टी' टिकला. पट्ट्याने शक्ती खाणाऱ्या भात्यापेक्षा फुकट जाणाऱ्या धुरावर चालणारा भाता परवडला, हे त्याचे कारण.

आपल्या ट्रकांवर 'टीसी' ही अक्षरे विशेषेकरून दिसू लागली ती १९९० नंतरच्या दशकात. विंचूर चौफुलीवर उभे राहिले की मनमाड-नगरची आणि नाशिक-संभाजीनगरची वाहतूक एकमेकींना छेदते, आणि तेथे '१६१३ टीसी' अशी पाटी आपण अनेकदा वाचली असेल. ढोबळमानाने १६ टन वजन, १३० अश्वशक्ती आणि टर्बो, असा तिचा अर्थ. डिझेल गाड्यांच्या धुराला १९९२ पासून मर्यादा आल्या, १९९६ साली त्या आवळल्या आणि १ एप्रिल २००० पासून आणखी कडक झाल्या. टर्बोने जास्त हवा दिली की इंधन पुरते जळते आणि काळा धूर घटतो. म्हणून टर्बो आला तो निव्वळ शक्तीसाठी आला नाही.

आणि येथेच आमच्या ड्रायव्हरच्या खटल्याची किल्ली होती. कारखाना जेव्हा इंजिनाला टर्बो देतो, तेव्हा तो नुसता टर्बो देत नाही. पिस्टन बदलतो, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा सोडण्याची सोय करतो, गॅस्केट, व्हॉल्व्ह, ऑइल थंड करण्याची साधने वाढवतो, आणि डिझेलच्या पंपाची मात्रा मोजून बांधतो. रस्त्याकडेच्या गॅरेजात मात्र भंगारातला टर्बो जोडून पंपाचा स्क्रू वाढवतात. गाडी चढावर पळते, मालक खूश होतो. पिस्टन जुनाच असतो. त्याला वाढीव उष्णता सोसण्याचे साधन कोणी दिलेले नसते. एप्रिल-मेच्या उन्हात, भरल्या गाडीने, कसारा घाटाच्या चढावर त्याची परीक्षा होते.

एवढे कळल्यावर आम्ही पुन्हा अड्ड्यावर गेलो. या वेळी बोललो ते इंजिनाच्या भाषेत. सहाही पिस्टन मांडून दाखवा, असे म्हटले. एक वितळला होता, पण उरलेल्या पाचांपैकी दोघांच्या माथ्यावरही भाजल्याचे डाग होते. ड्रायव्हरने एका दिवसात गाडी ताणली असती, तर इतरांवर महिनोन्‌महिन्यांची ही खूण दिसली नसती. पंप तपासायला दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवला. त्याची मात्रा मूळ मापापेक्षा बरीच वाढवलेली निघाली. मग आम्ही कायदा काढला. तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे कामगाराची हयगय असल्याशिवाय, आणि त्याला आपले म्हणणे मांडू दिल्याशिवाय, नुकसानीपोटी पगार कापता येत नसे. आणि पंपाचा स्क्रू ड्रायव्हरने फिरवला नव्हता. अखेर दोन महिन्यांचा पगार मिळाला आणि इंजिनाचा खर्च त्याच्या नावावरून निघाला. नोकरी मात्र गेली, ती आम्हाला वाचवता आली नाही. हे सांगितले नाही तर आमची गोष्ट खोटी ठरेल.

श्रोतेहो, आम्ही भात्याचे वैरी नाही. हवा दाबून भरण्याची युक्ती माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई आहे. आज रस्त्यावरचे बहुतेक नवे डिझेल ट्रक तिच्यावरच चालतात. आमचे म्हणणे इतकेच, की भाता शक्ती निर्माण करत नाही, तो शक्ती मागतो. ती द्यायची असते पिस्टनने, बेअरिंगने, गॅस्केटने. ज्यांनी आधी त्यांना बळ दिले आणि मग हवा भरली, त्यांची इंजिने लाखो मैल चालली. ज्यांनी वरून भाता ठेवला आणि खाली काही बदलले नाही, त्यांचे इंजिन घाटात गेले.

आमच्या चळवळीला हा धडा जुना आहे. १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्यातला एक मोठा प्रश्न हाच होता, की विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत आणि याला कार्यक्षमता म्हणावे. माग वाढले होते. हात दोनच राहिले होते. आमच्या येवल्यात पैठणीच्या मागावर बसणाऱ्या माणसाला विचारा. लग्नसराईचा तगादा आला की मागावरचे तास वाढतात, पण डोळे आणि पाठ तेवढीच असते. तो कधी तुटला, तर दोष त्याच्याच हातांना दिला जातो.

तेव्हा कोणी जुन्या यंत्राला नवा जोर लावायला निघाला की आपण तीन प्रश्न विचारावेत. हा वाढीव भार नेमका कोणावर पडणार? तो सोसण्यासाठी त्याला आधी काय दिले? आणि मोडले तर भरपाई कोण करणार? गॅरेजमध्ये हे विचारले तर पिस्टन वाचेल. गिरणीत, अड्ड्यावर आणि मागाच्या खड्ड्याशी विचारले तर माणूस वाचेल.